रिलीज नोट्स वाचूनही प्रोग्रॅम का मोडतो, आणि आपल्या नोट्स कशा लिहाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही म्हापशात बसून कळंगुट-कांदोळीच्या लहान हॉटेलांसाठी एक प्रोग्रॅम चालवता. बुकिंग एजन्सीकडून आलेल्या फाइली वाचायच्या आणि कोणत्या महिन्यात किती खोल्या भरल्या हे मालकाला दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पांडास ही पायथन भाषेतली, तक्त्यांतली माहिती हाताळणारी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) तुम्ही १.५ वरून २ च्या पुढे नेली. रिलीज नोट्स (नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं ते सांगणाऱ्या नोंदी) वाचल्या होत्या, तरी तारखा ओळखणाऱ्या टू-डेटटाइम फंक्शनपाशी एरर आली. एका हॉटेलची फाइल सुरळीत जाते, दुसऱ्याची अडकते, म्हणून तुम्ही जास्तच बुचकळ्यात पडलात. लायब्ररीवाले असं का करतात हा तुमचा पहिला प्रश्न. तुमची स्वतःची एक लहान लायब्ररी आणखी चार डेव्हलपर वापरतात, तिच्या नोट्स कशा लिहायच्या हा दुसरा.

मी सोळा-सतरा वर्षं पर्वरीत हॉटेलं आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. या दोन्ही बाजूंना मी उभा राहिलो आहे: दुसऱ्याच्या अपडेटने माझं काम मोडलं आहे आणि माझ्या अपडेटने दुसऱ्याचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या फाइलचं पाहू. तुमच्याकडे तारीख ०३/१२/२०२३ अशी येते, म्हणजे आपल्या हिशेबाने ३ डिसेंबर. पांडासला काही सांगितलं नाही तर ते आधी महिना, मग दिवस असं धरतं. जुनं पांडास रकान्यातली प्रत्येक तारीख सुटी सुटी वाचायचं. ०३/१२ आली की ती १२ मार्च व्हायची. १३/१२ आली की १३ वा महिना नसतो, म्हणून ते गुपचूप उलटं धरायचं आणि १३ डिसेंबर करायचं. एकाच रकान्यात दोन नियम चालायचे. शेवटच्या काही १.x व्हर्जनमध्ये वॉर्निंग येत होती, पण रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या वॉर्निंग कोण बघतो?

एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० पासून नियम बदलला. रकान्यातल्या पहिल्या भरलेल्या तारखेवरून पांडास एक साचा ठरवतं आणि बाकीच्या तारखा त्याच साच्यात बसल्या पाहिजेत असा आग्रह धरतं. पहिली ओळ ०३/१२ असेल तर साचा ठरतो महिना-दिवस-वर्ष, आणि पुढे १३/१२ दिसली की ते थांबतं. पहिलीच ओळ १३/१२ असेल तर साचा दिवस-महिना-वर्ष ठरतो आणि सगळी फाइल बरोबर जाते. एका हॉटेलची फाइल चालते आणि दुसऱ्याची मोडते ती यामुळेच. फरक फक्त पहिल्या ओळीचा आहे.

यात तिसरी शक्यताही आहे आणि तीच जास्त काळजीची. एखाद्या फाइलमध्ये सगळ्या तारखा महिन्याच्या १ ते १२ मधल्याच असतील, तर नव्या पांडासमध्येही एरर येणार नाही आणि तारखा चुकीच्या वाचल्या जातील. फाइल उघडतानाच रीड-सीएसव्ही या फाइल वाचणाऱ्या फंक्शनला तारखा ओळखायला सांगितलं असतं, तर तुमच्या अडकलेल्या फाइलवरही एरर आली नसती. तो रकाना निव्वळ मजकूर म्हणून तसाच पुढे गेला असता. म्हणून उपाय एकच: साचा स्वतः स्पष्ट लिहून द्या, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. 'दिवस पहिला' हा पर्याय नुसता चालू करण्यावर भागवू नका. तो पसंती सांगतो, सक्ती करत नाही.

आता 'असं का करावं' याचं उत्तर. पांडासने तुमचा प्रोग्रॅम मोडला हे खरं, पण तो आधीच चुकत होता आणि २.० ने ते उघडं केलं. त्या व्हर्जनच्या नोट्समध्ये हा बदल 'मागच्याशी विसंगत बदल' या विभागात आहे. जुनं वागणं आणि नवं वागणं शेजारी शेजारी दाखवलं आहे, तेही १३-०१ आणि १२-०१ अशा तारखांचंच उदाहरण घेऊन. माझ्या मते ती चांगली लिहिलेली नोंद आहे. तुमच्या नजरेतून ती निसटली याचं कारण बहुधा असं की तुम्ही 'काय काढून टाकलं' हे शोधत होता. सगळेच तसं वाचतात. मीही वर्षानुवर्षं तसंच वाचलं, आणि त्याची किंमत मोजली.

ती गोष्ट सांगतो. १ जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभाल थांबणार हे जाहीर होतं. म्हणून २०१९ च्या पावसाळ्यात, हॉटेलं रिकामी असताना, आम्ही बिलिंगचा प्रोग्रॅम पायथन ३ वर आणला. प्रिंट, अक्षरांची हाताळणी, भागाकार या गाजलेल्या गोष्टी नीट तपासल्या. आपोआप रूपांतर करणारं टू-टू-थ्री हे साधनही चालवलं. टेस्ट हिरव्या झाल्या. चवथ झाली, सीझन सुरू झाला, आणि नोव्हेंबरात एका हॉटेलच्या अकाउंटंट बाईंचा फोन आला: "बिलांत रुपयाचा फरक पडतोय. सगळ्या बिलांत नाही, काही बिलांतच."

आम्ही बिलं समोर घेतली. एक बिल ४,२१२ रुपये ५० पैशांचं होतं. पूर्वी ते ४,२१३ व्हायचं, आता ४,२१२ झालं होतं. दुसरं ४,२१३ रुपये ५० पैशांचं. ते पूर्वीही ४,२१४ आणि आताही ४,२१४. अर्धा दिवस आम्ही खोलीचं भाडं, कर, सवलत यांत शोधत राहिलो. कारण निघालं राउंड या साध्या फंक्शनमध्ये. पायथन २ मध्ये बरोबर अर्धा आला की तो शून्यापासून दूर, म्हणजे वर जायचा. पायथन ३ मध्ये बरोबर अर्धा आला की तो जवळच्या सम संख्येकडे जातो. ४,२१२ सम आहे म्हणून तिथे खाली उतरला, ४,२१३ विषम आहे म्हणून वर चढला. ५० पैशांवर संपणाऱ्या बिलांपैकी निम्मीच चुकत होती, म्हणून आमच्या टेस्टमध्ये ते आलं नाही. आम्ही उदाहरणादाखल घेतलेली रक्कम विषम रुपयांची होती. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरायचा असं स्पष्ट आहे. म्हणजे आमचा हिशेब गणिताच्या एका रीतीने बरोबर आणि कायद्याने चूक होता. पुढे आम्ही पैशांसाठी डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा संख्याप्रकार) वापरलं आणि 'अर्धा असेल तर वर' हा नियम स्वतः लिहून दिला.

मला लागलं ते वेगळंच. हा बदल लपवलेला नव्हता. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं, आणि त्याच्या 'नवीन काय' या दस्तऐवजात लिहिलं आहे की राउंडची रीत बदलली, अडीचचं आता तीन नव्हे तर दोन होतं. उदाहरणासकट लिहिलं आहे. ११ वर्षं ती ओळ तिथे होती. पण प्रिंट आणि अक्षरांच्या बदलांना तिथे ठळक जागा आहे आणि राउंड शेवटाकडच्या किरकोळ यादीत आहे. लिहिणाऱ्याच्या नजरेत तो लहानच बदल होता, आणि भाषा बनवणाऱ्याच्या जागेवरून ते चूकही नाही. हॉटेलच्या बिलासाठी मात्र त्या सगळ्या पानावरची ती सर्वांत महत्त्वाची ओळ होती.

तेव्हापासून बदल कोणत्या प्रकारचा आहे त्यापेक्षा तो मोडताना आवाज करतो की नाही हे मी आधी बघतो. पुस्तकात तीन प्रकार सांगतात. सोर्स पातळीवर मोडतं तेव्हा फंक्शनचं नाव गेलेलं असतं किंवा पॅरामीटर बदललेले असतात. बायनरी पातळीवर मोडतं तेव्हा कोड तोच असतो, पण आधी कम्पाइल केलेला (यंत्राच्या भाषेत उतरवलेला) भाग नव्या लायब्ररीशी जुळत नाही. आणि वागण्याच्या पातळीवर मोडतं तेव्हा नाव तेच, पॅरामीटर तेच, उत्तर वेगळं. पहिले दोन बहुतेक वेळा ओरडतात. तिसरा गप्प राहतो. एरर आलेला प्रोग्रॅम त्याच दिवशी दुरुस्त होतो. गप्प चुकलेला प्रोग्रॅम महिनोन्‌महिने चुकीचे आकडे देत राहतो आणि लोक त्यांवर निर्णय घेतात.

म्हणून नोट्स वाचायची माझी रीत अशी झाली आहे. वरून खाली वाचत जायचं नाही. आधी आपली यादी करायची: आपला प्रोग्रॅम पैशांना कुठे हात लावतो, तारखांना कुठे, क्रम कुठे लावतो, रिकाम्या जागांचं काय करतो, आणि कोणकोणत्या ठिकाणी पॅरामीटर न देता डिफॉल्टवर विसंबतो. ही यादी शेजारी ठेवून नोट्समध्ये ठरावीक इंग्रजी शब्द शोधायचे: 'डिफॉल्ट', 'नाऊ', 'नो लाँगर', 'इन्स्टेड'. 'आता असं होतं', 'यापुढे तसं होत नाही' ही वाक्यं म्हणजे गप्प बदलांचे पत्ते. 'काढून टाकलं' हा विभाग मी शेवटी वाचतो, कारण तिथलं बहुतेक आपल्याला एरर सांगणारच असते. अपवाद वर्षातून एकदाच चालणाऱ्या कोडचा. ३१ मार्चचा रिपोर्ट मेमध्ये अपडेट केलेल्या लायब्ररीवर पुढच्या वर्षीच चालतो आणि तेव्हा हाताशी वेळ नसतो. असा कोड अपडेटनंतर लगेच मुद्दाम चालवून बघा.

'किमान मधला आकडा बदलेल त्या अपडेटवर तरी भरवसा ठेवावा ना?' असं तुम्ही पुढे विचारलंत. सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम सोपा आहे. विसंगत बदल असेल तर पहिला आकडा वाढवा, नवी सोय असेल तर मधला, दुरुस्ती असेल तर शेवटचा. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकतं, हेही त्याच नियमात आहे. पण हा नियम पाळायचं सगळ्यांनी कबूल केलेलं नाही. पायथन स्वतः तो पाळत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मधून डिस्टयूटिल्स हे जुनं मॉड्यूल पूर्ण गेलं, आकडा मात्र मधला वाढला. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने एनपी-डॉट-फ्लोट हे जुनं टोपणनाव जानेवारी २०२१ च्या १.२० मध्ये 'जाणार आहे' म्हणून सांगितलं आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये काढलं. जवळपास दोन वर्षांची मुदत होती. तरीही देखभाल थांबलेल्या कितीतरी पॅकेजेसवर लोकांना एरर दिसल्या, कारण त्यांच्या लेखी १.२३ ते १.२४ हे लहान पाऊल होतं. यात नमपायने फसवलं नाही. त्यांची रीत तशी आहे आणि त्यांनी ती लिहून ठेवली आहे. ज्या चार-पाच लायब्रऱ्यांवर तुमचं पोट आहे, त्यांची व्हर्जन वाढवण्याची रीत एकदा बसून वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि जी लायब्ररी तुम्ही घेतलेलीच नाही, ती तुमचं काम मोडू शकते. मे २०२३ मध्ये वेबवरून माहिती मागवणाऱ्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीचं २.३० आलं. वरून लहान अपडेट. पण त्याने आपल्या खालच्या यूआरएललिब३ च्या दुसऱ्या मोठ्या व्हर्जनला वाट दिली, आणि त्या यूआरएललिब३ ला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं १.१.१ किंवा पुढचं व्हर्जन लागतं. सेंटओएस ७ सारख्या जुन्या सर्व्हरवर १.०.२ होतं. तिथे प्रोग्रॅम सुरूच होईना, आणि लोक स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. पण रिक्वेस्ट्सची ती नोंद बघण्यासारखी आहे. इशाऱ्याचं चिन्ह घालून सांगितलं होतं की आता यूआरएललिब३ चं २.० चालतं, त्यात लहानसहान विसंगत बदल असू शकतात, नीट तपासा, अमुक ठिकाणी माहिती आहे, आणि जुन्यावरच राहायचं असेल तर दोनच्या खाली असं बंधन घाला. मोजक्या वाक्यांत काय बदललं, धोका कुठे, आणि सुटका कशी हे सगळं आलं. तुमच्याकडे लॉक फाइल नसेल तर आजच करा, म्हणजे खालच्या पॅकेजेससकट सगळ्यांची नेमकी व्हर्जन गोठतील. मग अपडेट तुम्ही ठरवाल त्या दिवशी होईल. आम्ही ते जून ते ऑगस्टमध्ये करतो. नाताळच्या आठवड्यात सुरक्षेची दुरुस्ती सोडून काहीही बदलत नाही.

लायब्ररीवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं. काय मोडेल हे त्यांनाही पूर्ण माहीत नसतं. गूगलमध्ये काम करताना हायरम राइट यांनी एक निरीक्षण मांडलं, ते हायरमचा नियम म्हणून ओळखलं जातं: वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही काय वचन दिलं होतं याला अर्थ उरत नाही, तुमच्या लायब्ररीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कुणीतरी विसंबलेलं असतं. याचं माझ्या लक्षात राहिलेलं उदाहरण २०१० सालचं आहे. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीत मेमकॉपी हे मेमरीतली माहिती एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं फंक्शन काही प्रोसेसरांवर वेगवान केलं गेलं. मेमकॉपीला दिलेले दोन भाग एकमेकांवर चढलेले नसावेत हे दस्तऐवजात पहिल्यापासून लिहिलेलं. पण फ्लॅश प्लेअर तसे भाग देत होता, आणि जुन्या रीतीत ते योगायोगाने निभावून जात होतं. फेडोरा १४ हे लिनक्स वापरणाऱ्यांना फ्लॅशमधला आवाज खरखरीत येऊ लागला. नियमावर बोट ठेवलं तर चूक फ्लॅशची. पण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या चर्चेत वापरणाऱ्याची बाजू लावून धरली: गाणं ऐकणाऱ्या माणसाला दस्तऐवजाशी काय करायचंय? पुढे जीलिबसीने मेमकॉपीला वेगळी व्हर्जनची खूण दिली. जुन्या प्रोग्रॅमना जुनं वागणं मिळत राहिलं आणि नव्याने कम्पाइल केलेल्यांना नवं. 'दस्तऐवजात लिहिलं होतं' हे उत्तर खरं असूनही पुरेसं नसतं, हे मी त्यातून घेतलं.

बदल करायचाच असेल तर तो कसा सांगावा याची दोन उदाहरणं माझ्या आवडीची आहेत. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं. २००६ नंतरचं त्यांचं पहिलं मोठं व्हर्जन, आणि त्यात बायनरी जुळणी मुद्दाम मोडली होती. जुन्या नमपायवर कम्पाइल केलेलं मॉड्यूल नव्यावर चालवलं की जी एरर येते, तिच्यातच सगळं लिहिलेलं असतं: हे मॉड्यूल १.x वर बनलं आहे, २ वर ते कोसळू शकतं. तुम्ही नुसते वापरणारे असाल तर नमपाय दोनच्या खाली आणा किंवा ते मॉड्यूल अपडेट करा. मॉड्यूल बनवणारे असाल तर २.० वर कम्पाइल करा, ते दोन्हीवर चालेल. नोट्स न वाचणाऱ्यापर्यंतही नोट पोचली. दुसरं उदाहरण एसक्यूएल-अल्केमी या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीचं. २.० जानेवारी २०२३ मध्ये आणण्याआधी त्यांनी मार्च २०२१ मध्ये १.४ काढलं, ते निव्वळ पूल म्हणून. त्यात नवी रीत चालत होती आणि जुनीही. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमबाहेरून दिलेली सेटिंग) लावला की तुमच्या कोडमधली कोणकोणती ओळ २.० मध्ये मोडेल ते वॉर्निंगमध्ये दिसायचं. आम्ही दोन पावसाळ्यांत मिळून तो पूल ओलांडला, एकही दिवस काम बंद न ठेवता.

वॉर्निंगवरून एक तांत्रिक गोष्ट, कारण तुमच्या लायब्ररीत मला ती दिसली. तुम्ही डिप्रिकेशन-वॉर्निंग, म्हणजे 'ही सोय पुढे जाणार' हा इशारा, टाकली आहे आणि 'सहा महिने आधी सांगितलं होतं' असं म्हणता. पायथन ही वॉर्निंग सर्वसाधारण वापरात दाखवतच नाही. मुख्य फाइलमधूनच ती आली तर दिसते, लायब्ररीच्या आतून आली तर नाही. पायटेस्ट हे टेस्टचं साधन चालवणाऱ्याला दिसते. तुमच्या चौघांपैकी टेस्ट लिहिणारे किती? शेवटच्या वापरणाऱ्यालाही दिसायला हवी असेल तर फ्यूचर-वॉर्निंग वापरा. जँगो ही वेबसाइट बनवण्याची लायब्ररी तर वॉर्निंगच्या नावातच कोणत्या व्हर्जनमध्ये गोष्ट जाणार ते घालतं, त्यामुळे अंदाज करावा लागत नाही. तुमच्या स्वतःच्या टेस्टमध्ये मात्र वॉर्निंगलाच एरर मानायला लावा.

आता तुमच्या नोट्स. आपल्याकडे पेपरात वीज खात्याची सूचना येते: अमुक फीडरवर दुरुस्ती, अमुक तारखेला सकाळी नऊ ते दुपारी एक, आणि खाली गावांची-वाड्यांची नावं. वाचणारा फीडरचं नाव शोधत नाही, तो आपल्या वाड्याचं नाव शोधतो. नुसतं 'फीडरची देखभाल केली' असं छापलं तर ते खरं असेल, पण कुणीही त्या दिवशी पिठाची गिरणी लवकर चालवून घेणार नाही. तुमच्या मागच्या व्हर्जनची नोट मी पाहिली. 'तारीख फंक्शनचं रिफॅक्टरिंग, राउंडिंग सुधारलं, इतर दुरुस्त्या.' ही फीडरची भाषा झाली. कमिटच्या (कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीच्या) शीर्षकांतून आपोआप बनवलेल्या नोट्सही अशाच निघतात, कारण कमिट आपण स्वतःच्या आठवणीसाठी लिहितो.

माझ्यावर गेलेला एक प्रसंग सांगतो. पैसे घेण्याच्या एका सेवेची लायब्ररी आम्ही वापरायचो. एका लहान अपडेटनंतर रिफंड केल्यावर ती 'झाला' ऐवजी 'प्रक्रियेत' असं उत्तर देऊ लागली. त्यांच्या नोटमध्ये फक्त 'किरकोळ दुरुस्त्या आणि वेगात सुधारणा' असं होतं. आमचा कोड 'झाला' नसेल तर रिसेप्शनवर पुन्हा बटण दाखवायचा. डिसेंबरातल्या गर्दीत काउंटरवरच्या मुलाने काही पाहुण्यांना दोनदा रिफंड केला. पैसे नंतर परत मिळवले, पण त्या मुलाला मालकाचं ऐकून घ्यावं लागलं, आणि त्याची काही चूक नव्हती. एक वाक्य लिहिलं असतं तर ते टळलं असतं. नोट लिहायला बसलो की मला अजून तो काउंटर दिसतो.

तुमचं 'राउंडिंग सुधारलं' मी असं लिहिलं असतं:

"बिलाची एकूण रक्कम बरोबर ५० पैशांवर संपत असेल तर उत्तर बदलेल. पूर्वी ४,२१२.५० चे ४,२१२ होत, आता ४,२१३ होतील. इतर रकमांवर परिणाम नाही. एरर येणार नाही, त्यामुळे जुन्या बिलांशी ताळा करणारा रिपोर्ट असेल तर त्यात रुपयाचा फरक दिसेल. जुनी रीत हवी असल्यास राउंडिंगच्या पॅरामीटरमध्ये 'जुनी' द्या. ही सोय ३.० मध्ये जाईल. कारण: जीएसटीचा नियम."

बघा, पहिलं वाक्य वाचणाऱ्याच्या बिलाविषयी आहे, तुमच्या कोडविषयी नाही. कुणाला लागू, काय दिसेल, कुणाला लागू नाही, काय करायचं, कधीपर्यंत. 'एरर येणार नाही' हे मी मुद्दाम घातलं आहे. माझ्या टीममध्ये नियमच आहे: आवाज न करता उत्तर बदलणारा बदल नोटमध्ये सर्वांत वर, मग तो एका ओळीचा का असेना. 'नवीन सोयी' खाली गेल्या तरी कुणाचं नुकसान होत नाही. जोडलं, बदललं, जाणार आहे, काढलं, दुरुस्त केलं, सुरक्षा असे रूढ विभाग ठेवा, ते बरे आहेत. पण 'दुरुस्त केलं' या विभागावर डोळा ठेवा. तुमची दुरुस्ती ही चुकीच्या उत्तराभोवती कोड लिहून बसलेल्या माणसासाठी मोड असते. कुणी तुमच्या चुकीच्या राउंडिंगनंतर स्वतःहून एक रुपया वाढवत असेल, तर आता त्याचे दोन वाढतील.

आणि नोट कोडच्या आधी लिहून बघा. बदल चार वाक्यांत सांगता येत नसेल, 'कुणाला लागू' याचं उत्तर तुम्हालाच देता येत नसेल, तर बहुतेक वेळा बदलच घाईचा असतो. मी असे दोन-तीन बदल नोट लिहितानाच मागे घेतले आहेत.

शेवटी एक काम राहिलंय आणि ते या आठवड्यातच करा. प्रोग्रॅम आता दुरुस्त होईल, पण जुन्या पांडासने वाचून ठेवलेल्या तारखा तुमच्या डेटाबेसमध्ये आहेत. ६ डिसेंबरला आलेला पाहुणा तिथे १२ जूनला आलेला आहे. म्हणजे मालकाला दाखवलेल्या रिपोर्टमध्ये पावसाळा खऱ्यापेक्षा भरलेला आणि डिसेंबर खऱ्यापेक्षा रिकामा दिसला असणार. महिन्यावार १२ तारखेचे आगमन मोजून बघा. सगळीकडे १२ तारखेलाच ढीग दिसला तर शंका नको. मग ज्यांची जाण्याची तारीख येण्याच्या आधीची आहे किंवा मुक्काम २८ रात्रींहून कमी नाही, अशा नोंदी वेगळ्या काढा. चार-आठ दिवसांचा मुक्काम उलटा वाचला गेला की तो या दोहोंपैकी कशात तरी सापडतो: ३ ते ४ डिसेंबरची एक रात्र १२ मार्च ते १२ एप्रिल अशी ३१ रात्रींची झालेली असते. त्या यादीत थंडीत दोन-तीन महिने राहणारे खरे पाहुणेही येतील, ते हॉटेलच्या रजिस्टरशी पडताळून हाताने बाजूला करा. मूळ फाइली जपून ठेवल्या असतील तर त्याच साचा देऊन पुन्हा वाचणं सर्वांत सोपं. नंतर मालकांना सुधारलेला रिपोर्ट द्या आणि सोबत वरच्या नमुन्यासारखी नोट जोडा: कोणत्या महिन्याचा आकडा किती होता, आता किती आहे, आणि का. पुढच्या पावसाळ्यासाठी खोल्यांचे दर त्यांनी त्या आकड्यांवरून ठरवलेले असू शकतात.